जठे आग, तठे ऐरण

वर्तमानपत्रात रोज कुठला ना कुठला प्रश्न ऐरणीवर आलेला असतो. कापसाचा भाव ऐरणीवर, पाणीपुरवठा ऐरणीवर, पालिकेची निवडणूक ऐरणीवर. हे लिहिणाऱ्यांपैकी एकानेही ऐरण पाहिलेली नसावी, असा माझा पक्का संशय आहे. ऐरणीवर आलेली वस्तू तिथे आरामात पडून राहत नाही. ती लाल असते तोवरच तिच्यावर घाव घालायचे असतात, नाहीतर ती निवते आणि पुन्हा आगीत घालावी लागते. आमच्या घरात एक प्रश्न खराखुरा ऐरणीचा होता, तो मात्र कितीतरी वर्षं तसाच निवत पडला होता.

मी लोहाराची मुलगी आणि लोहाराचीच बायको. माहेर पारोळ्याजवळच्या एका खेड्यातलं, सासर धुळ्याचं. माहेरी आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, भाता होता. वखराच्या पासा म्हणजे लोखंडी पाती, कुऱ्हाडी, विळे, कपाशी निघाल्यावर पऱ्हाट्या उपटायचे चिमटे, हे सगळं आबांच्या हातचं असे. हे काम एकट्याचं नाही. एकाने डाव्या हातातल्या सांडशीने तापलेलं लोखंड ऐरणीवर धरायचं, उजव्या हातात लहान हातोडा घ्यायचा, आणि दुसऱ्याने समोर उभं राहून मोठा घण मारायचा. आबांकडे घण मारायला माणूस टिकत नसे, कारण आबांचं काम संपतच नसे. भाऊ माझ्याहून लहान, त्याला शाळेत घातलेला. मग घण माझ्या हातात आला. माझं लग्न होईपर्यंत तो माझ्याच हातात होता.

मी डावरी. आबांना त्याची सवय व्हायला थोडे दिवस लागले, कारण घण दुसऱ्याच बाजूने येई. त्यांनी मला हात बदलायला सांगितलं नाही. ते स्वतः ऐरणीच्या दुसऱ्या अंगाला सरकून उभे राहू लागले. आमच्याकडे बापाने मुलीसाठी एवढं सरकणं ही काही छोटी गोष्ट नव्हती.

घण चालू असताना बोलता येत नाही. आबा हातोड्याने सांगत. हातोडा जिथे टेकेल तिथे घण पडायचा. हातोडा हलका वाजला तर घण हलका, जोरात वाजला तर जोरात. लोखंड सोडून नुसत्या ऐरणीवर हातोडा आडवा पडला, की थांबायचं. सुरुवातीला मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राही, चुकलं की काय ते कळावं म्हणून. त्यावर ते एकदा म्हणाले, "तोंडकडे काय देखस? हातोडा देख." आबा मुळातच कमी बोलणारे. आमचं बापलेकीचं जे काही बोलणं झालं ते बहुतेक त्या हातोड्यातून झालं, आणि मला ते पुरेसं होतं. अजूनही कोणी फार प्रेमाने बोलू लागलं की मला त्याचा हात काय करतोय ते बघायची सवय आहे.

गावातले लोक थट्टा करत. पोरगी घण मारते, उद्या सासरी नवऱ्याला बडवेल, असं आबांना ऐकवत. आबा हसून घेत. मी हसत नसे. मला राग एका वेगळ्याच गोष्टीचा होता. वर्षभर घण माझा, पण खंडेनवमीला अवजारं धुऊन, पुसून, मांडून झाली, की ऐरणीला हळदकुंकू वाहायला भावाला बोलावलं जाई. तो हात जोडून उभा राही आणि मी उंबऱ्याच्या आत नैवेद्याचं ताट धरून. पुरणपोळीही मीच केलेली असे.

ऐरणीबद्दल आबांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "ऐरण इकानी नही, वाटानी नही. जठे आग, तठे ऐरण." ऐरण विकायची नाही, भावाभावांत वाटायची नाही. ज्याच्या घरी भट्टी पेटते त्याच्याकडे ती जाते. ही ऐरण आबांकडे तशीच आली होती. त्यांच्या एका चुलत्याने हातपाय थकल्यावर काम सोडलं, आणि स्वतःच्या मुलांना न देता बैलगाडीत घालून ती आबांच्या दारात आणून ठेवली. त्या चुलत्याकडेही ती अशीच कुठून तरी आली होती. आमच्या ऐरणीचा प्रवास आमच्या वंशावळीपेक्षा जास्त सरळ होता.

आबा गेले तेव्हा भाऊ जळगावला नोकरीत होता. गावचं घर विकलं, भाता मोडला, आणि ऐरण भावाच्या कॉलनीतल्या नव्या घराच्या पोर्चमध्ये गेली. तिच्यावर मनी प्लांटची कुंडी ठेवली होती. वहिनी म्हणाली, "बरोब्बर उंचीची आहे." मी त्या दिवशी जेवले नाही, उपास आहे म्हणून सांगितलं.

माझ्या घरी आग होती. नवऱ्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, धुळ्यात, महामार्गाला लागून. गेट, ग्रिल, जिने, ट्रॉल्या. वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा माणूस मी तरी पाहिला नाही. पण त्याच दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात सासऱ्यांची भट्टी होती. सासरे होते तोवर मी त्यांच्यासमोर घण मारला, ते गेल्यावर भट्टी मी बंद पडू दिली नाही. पेरणीआधी शेतकरी पासा शेवटायला, म्हणजे तापवून धार काढून घ्यायला, आणतात, ऊसवाले कोयते आणतात. तेवढं काम एकटीच्या हातोड्याने होतं, ते मी करते. नवऱ्याला त्या कोपऱ्याचा कोळसा, धूर, काजळी काहीच आवडत नाही. गिऱ्हाईक गेटचं डिझाइन बघायला आलं की तो मधला पडदा ओढून घेतो.

सासऱ्यांची ऐरण थोरल्या दिराकडे गेली, आणि माझ्या वाट्याला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा आला. रुळावर काम होतं, नाही असं नाही. पण तो अंगाने अरुंद, घाव नीट पचवत नाही, अर्धा घाव परत हातात येतो. संध्याकाळी खांदा ठणकला की मला जळगावच्या पोर्चमधली कुंडी आठवे.

मी भावाकडे ऐरण मागत होते. दिवाळीला मागितली, भाच्याच्या लग्नात मागितली, त्याच्या आजारपणात भेटायला गेले तेव्हाही मागितली. तो म्हणे, "अक्का, ती आबांची आठवण आहे. आठवण कोणी देतं का?" वहिनी म्हणे, लेकीच्या घरी ऐरण गेली तर घराण्याचा भाता जातो म्हणतात. ही म्हण मी त्याआधी आयुष्यात ऐकली नव्हती. घराण्याचा भाता तर कधीच मोडला होता, त्याचं लाकूड वहिनीच्याच देवघराला लागलं होतं. पण मागणाऱ्याने फार बोलू नये म्हणतात, म्हणून मी जमेल तेवढं गिळलं.

मग गेल्या उन्हाळ्यात धुळ्याला समाजाचा मेळावा भरला. मंगल कार्यालय घेतलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर निरोप फिरला, की प्रत्येक घराने आपली जुनी अवजारं आणावीत, वारसा मांडायचा आहे. मला वाटलं, नेहमीप्रमाणे शाली, नारळ, वधू-वर परिचय आणि श्रीखंड-पुरी. तेही झालंच. पण त्याआधी सकाळी जे झालं ते मी विसरणार नाही.

हॉलमध्ये लांबच लांब टेबलं लावून त्यावर पांढऱ्या चादरी टाकल्या होत्या आणि त्यावर घराघरांतून आलेल्या सांडशा, छिन्न्या, हातोडे, घण. ऐरणी खाली जमिनीवर. चाळीसगावचे, नशिराबादचे, वरणगावकडचे लोक, जे आयुष्यात एकमेकांना भेटले नव्हते, ते आधी एकमेकांची अवजारं हातात घेत होते आणि मग नाव-गाव विचारत होते. सांडशी लोहार विकत घेत नाही, स्वतः घडवतो. तिच्या दोन पात्यांना जोडणारी खीळ प्रत्येक घरात वेगळ्या तऱ्हेने ठोकतात, कोणी टोपी गोल ठेवतं, कोणी चपटी, कोणी चौकोनी. दोन म्हातारे दोन टेबलांवरच्या दोन सांडशा शेजारी धरून उभे होते. दोन्हींच्या खिळीला एकसारखी तिरकी टोपी. अर्ध्या तासात त्यांनी शोधून काढलं की त्यांचे पणजे एकाच भात्यावर शिकले होते. मग त्यांच्या बायका एकमेकींना कुंकू लावू लागल्या. माझ्यासारख्या खडूस बाईलाही बरं वाटलं.

ऐरणींकडे तर जत्राच होती. जो येई तो हातोडीने ऐरण वाजवून बघे. चांगली ऐरण खणखणीत बोलते, चिरलेली घोगरी बोलते. भावाने आणलेली आमची ऐरण सगळ्यांच्या मधोमध होती. त्याने तिला तेल लावून चकचकीत केलं होतं, झेंडूचा हार घातला होता, आणि पुढे कार्ड ठेवलं होतं. कार्डावर पणजोबा, आजोबा, आबा आणि तो स्वतः, अशी चार नावं; ज्या चुलत्याकडून ती आली त्याचं नाव नव्हतंच.

तिथे चाळीसगावकडचे एक म्हातारे लोहार आले. सगळे त्यांना नाना म्हणत होते. त्यांचा भाता अजून चालू होता. नानांनी हार उचलून बाजूला ठेवला, ऐरण वाजवली, आणि मग तिच्या माथ्यावरून, कडांवरून, बोटं फिरवत राहिले. घण मारणाऱ्याचा घाव कधीमधी चुकतो आणि ऐरणीच्या कडेवर बसतो. वर्षानुवर्षं ती कड टवके जाऊन झिजते. इतर सगळ्या ऐरणींची एकीकडची कड झिजलेली होती, आमच्या ऐरणीची दुसरीकडचीही.

"हाई ऐरण कोनी शे?" नानांनी विचारलं. भाऊ पुढे झाला.

"आठे घण कोन मारे? डावा हातना माणूस व्हता का?"

भाऊ म्हणाला, "आमच्याकडे एक मजूर होता तेव्हा."

मी त्याच्या मागे दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तो मला विसरला होता, असं म्हणायची सोय नाही. सकाळीच त्याने मला विचारलं होतं की अक्का, नाश्ता झाला का. मी पुढे आले आणि म्हणाले, "मजूर नव्हता. मी होते."

दोन-चार जण हसले. एकजण म्हणाला, ताई चांगल्या विनोदी आहेत. नाना हसले नाहीत. त्यांनी माझ्या डाव्या खांद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चाल मग. बाहेर भट्टी पेटेल शे."

कार्यालयाच्या आवारात प्रात्यक्षिकासाठी छोटी भट्टी लावली होती. चौघांनी आमची ऐरण उचलून बाहेर नेली. नानांनी एक पट्टी तापवली, सांडशीने ऐरणीवर धरली, आणि मी पदर खोचून घण उचलला. ते आपण होऊन दुसऱ्या अंगाला सरकले. त्यांचा हातोडा टेकला, माझा घण पडला. पुन्हा टेकला, पुन्हा पडला. अनोळखी माणूस, पण बोली तीच. कुठे हळू, कुठे जोरात, कुठे फिरवून, सगळं मला कळत होतं. हातोडा ऐरणीवर आडवा पडला तेव्हा मी थांबले आणि माझ्या लक्षात आलं की मी रडतेय. त्याची मला लाज वाटली नाही. आबा गेल्यानंतर माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं.

लोक मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. नवरा गर्दीत मागे उभा होता. त्याच्या बाजूच्या कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून काहीतरी म्हटलं आणि आजूबाजूचे हसले. मी ते पाहिलं, पण त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही.

दुपारी भाषणं झाली. नानांना चार शब्द बोलायला सांगितलं, तर ते माइकसमोर जाऊन एवढंच म्हणाले, "ती ऐरण ह्या पोरीना घर जावाले पाहिजे. जठे आग, तठे ऐरण." म्हणजे हे वाक्य एकट्या आबांचं नव्हतं, आमच्यात सगळीकडे चालत आलेलं होतं. टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजल्यावर माझ्या भावाला उदार होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो माइकवर आला आणि म्हणाला, "अक्काचा मान मोठा आहे. दसरा झाला की ऐरण अक्काच्या घरी पोचती करतो." मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

ऐरण जमिनीवर नुसती ठेवत नाहीत, लाकडाच्या खोडात बसवतात. मी बाभळीचं चांगलं जून खोड मिळवलं, भट्टीशेजारी खड्डा करून ते गाडलं, माती ठोकून पक्कं केलं. वरची खाच आठवणीने कोरली, आबांच्या ऐरणीचा पाया माझ्या हातांना पाठ होता. नवरा येता-जाता पाहत होता. "कसाले इतकी घाई करस?" एवढंच म्हणाला.

त्याचं गप्प होणं मला तेव्हा कळायला हवं होतं, पण मी आनंदात होते आणि आनंदात माणूस आंधळा असतो. माझा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला होता. दुकानात गिऱ्हाइकं यायची आणि त्याला म्हणायची, शेठ, गेट तुम्ही करणार की वहिनी? चहाच्या टपरीवरही तेच. तो हसून घ्यायचा. आबांसारखंच हसतोय, असं मला वाटलं.

पाऊस संपत आला तेव्हा भावाचा फोन आला, पण मला नाही, नवऱ्याला. जळगावला समाजाचं सभागृह बांधून झालं होतं, त्याच्या गेटचं काम होतं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या भावाने कधी या माणसाला धड खुर्ची दिली नव्हती. ग्रिलवाला म्हणून बोळवण. आता एकदम "दाजी, तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार?" नवरा दोन-तीन वेळा जळगावला जाऊन आला. मी डबा बांधून देत होते. एकदा त्याने कपाटातून त्याचे राखून ठेवलेले वेल्डिंगचे रॉड काढले, जे तो साध्या कामाला कधी वापरत नाही. मी म्हटलं, गेटला एवढे भारी रॉड? तो म्हणाला, समाजाचं काम आहे.

दसऱ्याला सभागृहाचं उद्घाटन ठेवलं. मला वाटलं, कार्यक्रम झाला की येताना ऐरण घेऊनच येऊ. मी टेम्पोवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. निघताना नवरा म्हणाला, टेम्पो नको, एसटीने जाऊ. का, विचारलं तर म्हणाला, बघू नंतर.

सभागृहाच्या दारात ग्रॅनाइट लावलेला एक चौथरा होता आणि त्यावर भगव्या कापडाने झाकलेलं काहीतरी. आकार पाहूनच मी ओळखलं. पाहुण्यांनी दोरी ओढली, कापड खाली आलं.

आबांची ऐरण होती. तिचा पाया सिमेंटमध्ये बसवला होता, पण ते एवढं काही नाही, सिमेंट फोडता येतं. तिच्या माथ्यावर, जिथे तापलेलं लोखंड टेकायचं तिथे, वेल्डिंगने अक्षरं काढली होती. पणजोबा, आजोबा, आबा आणि भाऊ. एकेक अक्षर बोटभर उंच, उठावदार, मोत्यासारखं. माथा भरून गेला होता. आणि माझ्या घणाने टवके गेलेली ती कड वेल्डिंगने भरून, घासून, सरळ केली होती. नवीन ऐरणीसारखी दिसत होती.

अक्षर कोणाचं ते मला विचारावं लागलं नाही. शिवणकाम करणारी बाई टाका ओळखते, तशी मी त्याची वेल्डिंगची ओळ ओळखते. भावाने भाषणात सांगितलंच. आमच्या दाजींनी अत्यंत मेहनतीने, एक पैसा न घेता, हे काम केलं. नवऱ्याला पुढे बोलावलं, शाल दिली, फेटा बांधला. फोटोग्राफरने त्याला ऐरणीजवळ उभं केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या माहेरच्यांनी त्याला मधोमध उभं केलं होतं, आणि तो छाती काढून उभा होता. मग ऐरणीची पूजा करायला समाजातल्या बायांना बोलावलं. अक्का, तुम्ही आधी, असं म्हणत वहिनीने ताट माझ्या हातात दिलं. मी ते तिच्याच हातात परत दिलं आणि बाजूला झाले.

भावाला मी गाठलं. तो म्हणाला, "अक्का, घरात धूळ खात पडण्यापेक्षा समाजाच्या दारात राहील. तुझ्या एकटीची नाही, सगळ्यांची झाली. यात वाईट काय?" मी म्हटलं, तू शब्द दिला होतास, माइकवरून. तो म्हणाला, "पोचतीच तर केली, समाजाच्या घरी. दाजींना विचारून केलं सगळं." मग कोणीतरी त्याला हाक मारली आणि तो गेला. त्याच्याशी अजून भांडायला मला जोर राहिला नव्हता.

नानाही आले होते. त्यांनी चौथऱ्याजवळ जाऊन त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि कोणी विचारलं नसताना म्हणाले, "आते ती ऐरण नही ऱ्हायनी. पाटी व्हई गयी." पंगत बसायच्या आतच ते निघून गेले.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. नवऱ्याने फेटा काढून मांडीवर ठेवला होता. पारोळ्याला गाडी थांबली, तेव्हा तो उतरून दोन चहा घेऊन आला. मी हात पुढे केला नाही. त्याने माझा कप खिडकीच्या कडेला ठेवला.

मी विचारलं, "माले ती पाहिजे व्हती, हाई तुले माहीत नव्हतं का?"

"माहीत व्हतं."

"मंग?"

त्याने आपला कप रिकामा केला. मग म्हणाला, "लोके हासतस माले. बायको घण मारस नि नवरा देखत बठस, आसं म्हनतस. माले वाटनं, एक डाव हाई सारं मिटी जाई."

"मंग नुसती ठी देता चौथरावर. वर वेल्डिंग कसाले मारी?"

"नुसती ठेवती, ते तू परत मांगती."

हे तो रागाने म्हणाला नाही. त्याने विचार केला होता, मला ओळखून केला होता, आणि तो बरोबर होता. मी खरंच परत मागितली असती. भाऊ मला विसरल्यासारखा वागला, ते मी आयुष्यभर सोसलं. पण हा माणूस मला विसरला नव्हता. त्याने माझी आठवण ठेवूनच हे केलं होतं.

गाडी सुटायची घंटा झाली. माझ्या मनात तेवढी एकच गोष्ट उरली होती, म्हणून मी ती विचारली. "घशीसन निंघी का ते वेल्डिंग?"

कामाचं कोणी विचारलं की तो खोटं बोलत नाही, मग समोर कोणीही असो.

"नही निंघाव," तो म्हणाला. "मी खोल बठाडेल शे." आणि त्याच्या आवाजात, मला अगदी स्पष्ट ऐकू आलं, चांगलं काम केल्याचं समाधान होतं.